आमदारांचा पगार आणि काटकसरीचे दिवस

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं. मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या गाडीला ‘जलदूत’ म्हणायचे. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. मग पाऊस आला, तो असा की २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट पुरात गेल्या. विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन तेव्हा चालू होतं. तीन दिवसांनी, ५ ऑगस्टला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी आमदारांच्या वेतनवाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर झालं. भत्ते धरून महिन्याला ७५ हजारांच्या आसपास मिळायचे, ते १ लाख ७० हजारांच्या घरात गेले. माजी आमदारांचं निवृत्तिवेतन ४० हजारांवरून ५० हजार झालं. एरवी एकमेकांवर तुटून पडणारी दोन्ही बाजूंची बाकं त्या दिवशी एकमताची होती.

त्या आठवड्यात मी गावी होतो. आमच्या गावच्या अंगणवाडी सेविका, सगळं गाव त्यांना ताई म्हणतं, ओसरीवर बसून रजिस्टरात मुलांची वजनं उतरवत होत्या. बातमी त्यांनी वाचली होती. पगार किती वाढला हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, “त्यांचं मंजूर व्हायला किती दिवस लागले हो?” त्यांना तेव्हा महिन्याला ५ हजार मानधन होतं, तेही वेळेवर येईल याचा भरवसा नसे. मी म्हटलं, एक दिवस. त्या पुढे काही बोलल्या नाहीत, रजिस्टर पुढे ओढलं. पुढच्या वर्षी, ११ सप्टेंबर २०१७ पासून, राज्यभरातल्या सेविका आणि मदतनीस २६ दिवस संपावर होत्या. त्यातून सेविकेचं मानधन ६,५०० झालं. मार्च २०१८ मध्ये सरकारने त्यांना मेस्मा, म्हणजे संपबंदीचा कायदा, लावला. सभागृहात गदारोळ झाल्यावर तो स्थगित करावा लागला.

या सगळ्याचा आढावा घ्यायचा तर ताईंच्या प्रश्नापासूनच घ्यावा असं मला वाटतं. तिजोरीत खडखडाट असताना लोकप्रतिनिधींनी पगार वाढवून घ्यावा का, हा वाद आपल्याकडे नेहमी आकड्यावर अडतो. एक बाजू म्हणते, एवढे कशाला? दुसरी म्हणते, एवढ्यात भागत नाही. दोघांचंही काही अंशी खरं आहे.

तिजोरीचाच हिशेब करून पाहू. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८, असे ३६६ सदस्य. प्रत्येकाचे महिन्याला ९५ हजार वाढले असं धरलं तर वर्षाचे सुमारे ४२ कोटी होतात. महाराष्ट्र तेव्हा नुसत्या कर्जाच्या व्याजापोटी वर्षाला २५ हजार कोटींहून जास्त भरत होता, म्हणजे दिवसाला जवळपास ७० कोटी. आमदारांची अख्ख्या वर्षाची वाढ एका दिवसाच्या व्याजाहूनही कमी. ती थांबवून एकही धरण पुरं झालं नसतं. काटकसरीच्या नावाने आमदारांच्या पगारावर बोट ठेवणाऱ्यांनी हे आधी मान्य करायला हवं. पैसा वाचतो म्हणून हा विरोध टिकत नाही. विरोधाला दुसरं कारण आहे, आणि ते जास्त वजनाचं आहे. त्याआधी पगाराची बाजू नीट ऐकून घेऊ.

लोकप्रतिनिधीला पगार द्यावा ही मागणी मुळात गरिबांची. इंग्लंडमध्ये १८३८ साली चार्टिस्ट चळवळीने जी सनद मांडली तिच्या सहा मागण्यांत खासदारांना वेतन ही एक होती, कारण तोवर पार्लमेंटात बसणं ज्यांच्या घरी जमीनजुमला त्यांनाच परवडायचं. पुढे मजूर पक्षाचे खासदार कामगार संघटनांच्या वर्गणीवर जगू लागले. १९०९ च्या ऑस्बर्न निकालाने ती वर्गणीही बंद पाडली, तेव्हा कुठे १९११ मध्ये वर्षाला ४०० पौंड वेतन सुरू झालं.

आपल्याकडे हा वाद मुंबईतच रंगला. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात सरकारी नोकराचा पगार साधारणपणे महिना ५०० रुपयांच्या वर नसावा असं म्हटलं होतं. १९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली तेव्हा मंत्र्यांनी ५०० रुपयेच घेतले. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं सरकार होतं. त्यागाच्या त्या भरात मंत्र्यांच्या वेतनाचं विधेयक विधानसभेत आलं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला आक्षेप घेतला. मंत्र्याचं वेतन कशावरून ठरावं, याचे निकष त्यांनी मांडले: समाजातलं राहणीमान, कर्तबगारी, लोकशाही आणि कारभाराची शुचिता. पद असं असावं की पात्र माणसाला, त्याच्या घरी काही नसलं तरी, ते पेलता यावं. आणि वेतन इतकं तोकडं नसावं की माणूस दुसरीकडे हात पसरेल. ज्या समाजातून ते आले होते त्या समाजाच्या माणसाला मंत्री व्हायचं असेल तर केवळ त्यागावर भागणार नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? त्या सभागृहात त्याग सगळ्यांनाच सारखा स्वस्त नव्हता. एवढ्या वर्षांनंतरही या प्रश्नावर यापेक्षा स्वच्छ मांडणी माझ्या वाचनात आलेली नाही.

पगार द्यायचा हे तत्त्व पुढे आपणही मान्य केलं: संसदेने १९५४ मध्ये कायदा केला तेव्हा खासदाराला महिना ४०० रुपये आणि बैठकीच्या दिवसाला २१ रुपये भत्ता होता.

आमदाराच्या कामाबद्दलही थोडं सांगतो, कारण ते जवळून पाहिलेलं आहे. तालुक्याच्या गावी एका आमदाराच्या संपर्क कार्यालयात मी एकदा सकाळी आठपासून दुपारपर्यंत बसलो होतो. टेबलावर लग्नपत्रिकांचा वीतभर उंच गठ्ठा. दारात चपलांचा ढीग. एकाच्या बापाचं पुण्यात हृदयाचं ऑपरेशन, त्याला मुख्यमंत्री सहायता निधीसाठी पत्र हवं. एका शिक्षिकेची बदली. जळालेला ट्रान्सफॉर्मर महिनाभर बदलला नाही म्हणून सात-आठ शेतकरी. वाळूच्या गाडीचा दंड कमी करा म्हणणारा एक. चहाचे ट्रे आत-बाहेर चालूच. बाहेर दोन गाड्या उभ्या. एक लग्नाला जायला, एक दशक्रियेला. आहेराची पाकिटं स्वीय सहायक भरत होता, आणि कोणत्या पाकिटात किती, हे त्याला न विचारता ठाऊक होतं. यातलं एकही काम कायदा करण्याचं नव्हतं. पण ते केलं नाही तर पुढच्या निवडणुकीत काय होतं हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. एवढा राबता कागदोपत्री मिळणाऱ्या पगारात चालत नाही. १ लाख ७० हजारांतही चालत नाही. बाकीचे पैसे कुठून येतात, असं मी दुपारी विचारलं, तेव्हा उत्तर आलं, “कार्यकर्ते बघतात.”

पगारवाढीच्या बाजूचा सगळ्यात प्रामाणिक मुद्दा या दोन शब्दांत आहे, आणि त्याची मर्यादाही इथेच दिसते. आज मोठ्या राज्यात लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख आहे. खासदाराचं मूळ वेतन आता १ लाख २४ हजार. पाच वर्षांचं सगळं वेतन न खाता न पिता साठवलं तरी ७४ लाख ४० हजार. म्हणजे कायद्याने मान्य केलेला निवडणुकीचा खर्चसुद्धा त्यातून निघत नाही, आणि प्रत्यक्षात काय खर्च होतो ते गल्लीतल्या पोरालाही माहीत असतं. २०२४ मध्ये निवडून आलेल्या लोकसभेत ९३ टक्के सदस्य करोडपती आहेत, त्यांच्याच प्रतिज्ञापत्रांप्रमाणे. बाबासाहेबांचा युक्तिवाद ज्या माणसासाठी होता तो माणूस उमेदवारीच्या दारातच अडतो. पगार दुप्पट केल्याने ते दार उघडत नाही. त्यासाठी निवडणुकीच्या पैशाला हात घालावा लागेल, आणि पगारवाढीचं विधेयक मांडणाऱ्यांनी त्याच उत्साहाने त्यासाठीचं विधेयक कधी मांडलेलं नाही.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले आणि एसटीने फिरले, हे उदाहरण अशा वेळी हमखास दिलं जातं. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण शेतकरी कामगार पक्षाची गावोगावची बांधणी आणि पन्नास वर्षांची पुण्याई त्यांच्या पाठीशी होती. पहिल्यांदा निवडून आलेल्या तिशीतल्या बाईला, घरी दोन लहान मुलं असताना, ‘गणपतरावांसारखं राहा’ म्हणून मोकळं होणं हा अन्याय आहे. तिला पुरेसा पगार मिळालाच पाहिजे.

मग हरकत कशाला? हरकत ठरवणाऱ्या हाताला आहे. घटनेचं कलम १०६ खासदारांचं आणि कलम १९५ आमदारांचं वेतन ठरवण्याचा अधिकार त्यांच्याच सभागृहाला देतं. शिपायाचा पगार वेतन आयोगाच्या शिफारशीने ठरतो, कलेक्टरचाही तसाच ठरतो. गिरणीतल्या माणसाला मालकाशी भांडावं लागतं. स्वतःचा पगार स्वतः हात वर करून ठरवणारा हा एकच वर्ग आहे. २०१० मध्ये संसदीय समितीने खासदारांना ८०,००१ रुपये द्यावेत अशी शिफारस केली, कारण सचिवाला ८० हजार मिळत होते आणि खासदार त्याहून एक रुपयाने तरी वर हवा. मंत्रिमंडळाने १६ हजारांचे ५० हजार केले. त्यावरही सभागृहात गोंधळ झाला आणि मग भत्ते आणखी वाढवून समजूत काढली गेली.

ब्रिटनने या दुखण्यावर जो उपाय केला तो पाहण्यासारखा आहे, कारण तो काटकसरीच्याच काळात कसाला लागला. तिथे वर्षानुवर्षं लोकक्षोभाच्या भीतीने पगार फारसा वाढवला जात नसे आणि भत्त्यांची मोरी मोकळी सोडली जाई. २००९ मध्ये ती पावती-पावतीने वर्तमानपत्रात आली. कोणी वाड्याभोवतीचा खंदक साफ केल्याचा खर्च दाखवला होता, कोणी तळ्यातल्या बदकांच्या घरासाठी पैसे मागितले होते. त्याच वर्षी कायदा करून ‘इप्सा’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि पुढे वेतन ठरवण्याचं कामही खासदारांच्या हातून काढून तिच्याकडे गेलं. २०१५ मध्ये तिने पगार ६७,०६० पौंडांवरून ७४ हजार केला. नर्स, शिक्षक, अग्निशामक दलाची माणसं यांना तेव्हा वर्षाला १ टक्का पगारवाढीची मर्यादा होती. आरडाओरडा झाला, खुद्द पंतप्रधान कॅमरन यांचा या वाढीला विरोध होता, काही खासदारांनी वाढीची रक्कम दान करतो म्हणून जाहीर केलं. इप्सा हटली नाही. तिचं म्हणणं, आम्ही त्याच वेळी पेन्शन कापली आहे, पराभवानंतर मिळणारी घसघशीत रक्कम बंद केली आहे, रात्रीच्या जेवणाचा खर्च बंद केला आहे, तिजोरीवर एकूण बोजा वाढत नाही.

हिशेब बरोबर होता. तरी त्या वर्षी वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या नर्सला तो पटला नाही, आणि मला वाटतं तिचं न पटणंही बरोबर होतं. स्वतंत्र संस्था ‘किती’ हे चांगलं ठरवू शकते. ‘केव्हा’ हा प्रश्न शिल्लक राहतो. २०२० च्या शेवटी, कोविडमध्ये, त्याच इप्साने पुढच्या वर्षीची ठरलेली वाढ लोकांचा राग पाहून मागे घेतली. पाच वर्षांत तिलाही काळवेळ पाहावी लागली.

सिंगापूरने उलटी वाट धरली: मंत्र्यांना खाजगी क्षेत्राच्या तोडीचा पगार, म्हणजे भ्रष्टाचाराचं कारण उरत नाही. तिथेही २०११ च्या निवडणुकीत लोकांनी नाराजी दाखवली आणि पुढच्या वर्षी मंत्र्यांचे पगार सुमारे एक तृतीयांशाने उतरवावे लागले.

आपण २०१८ मध्ये खासदारांसाठी मधलाच मार्ग काढला. मूळ वेतन १ लाख केलं आणि दर पाच वर्षांनी ते महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढेल अशी तरतूद केली. आयकरात वापरला जाणारा तो निर्देशांक २०१८-१९ मध्ये २८० होता, २०२३-२४ मध्ये ३४८. त्रैराशिक मांडलं की १ लाख २४ हजार येतात. मार्च २०२५ च्या अधिसूचनेत तोच आकडा आला, १ एप्रिल २०२३ पासून मागच्या तारखेने. निवृत्तिवेतन २५ हजारांचं ३१ हजार झालं. या पद्धतीचा गुण असा की सभागृहात हात वर करण्याचा लाजिरवाणा प्रसंग टळतो. दोषही तोच. कोणाला काही विचारावं लागत नाही, आणि महागाईची जी झळ बाकी सगळ्यांना रोज बसते ती ठरवणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही.

काटकसरीच्या काळात नेते स्वतःहून पगार कापून घेतात, त्याचंही थोडं पाहू. एप्रिल २०२० मध्ये खासदारांचे ३० टक्के एक वर्षासाठी कापले, महाराष्ट्राने आमदारांबाबत तेच केलं. न्यूझीलंडमध्ये जसिंडा आर्डर्न यांच्या मंत्रिमंडळाने सहा महिने २० टक्के कमी घेतले. हे चांगलंच झालं. पण त्याच वेळी केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता दीड वर्ष गोठवला गेला आणि त्याची थकबाकी कधीच मिळाली नाही. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात विकासखर्चाला ६७ टक्के कात्री लागली, नोकरभरती थांबली. भरतीची वाट पाहणाऱ्या मुलामुलींचं ते गेलेलं वर्ष परत आलं नाही. हिमाचल प्रदेशात ऑगस्ट २०२४ मध्ये मुख्यमंत्री सुक्खू आणि मंत्र्यांनी दोन महिने वेतन पुढे ढकलत असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये कर्मचाऱ्यांचा पगार ५ तारखेला आणि पेन्शन १० तारखेला झाली, इतकी ओढाताण. आणि मार्च २०२५ मध्ये, अर्थसंकल्पी अधिवेशन संपता संपता, तिथल्या आमदारांची सुमारे २४ टक्के वाढ मंजूर झाली. सात महिन्यांत तिजोरीची दैना फिटली नव्हती. दोन महिन्यांच्या त्यागाची बातमी झाली होती तेवढीच.

पेन्शनबाबत मात्र मी तडजोडीला तयार नाही. पगाराच्या बाजूने जेवढं बोलता येतं त्यातलं काहीही पेन्शनला लागू पडत नाही. खासदारांचं निवृत्तिवेतन १९७६ मध्ये ३०० रुपयांनी सुरू झालं. महाराष्ट्रात आज एकदा निवडून आलेल्या माजी आमदाराला ५० हजार, आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला आणखी २ हजार. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्याला जुनी पेन्शन नाही. २०२३ मध्ये तर तीस वर्षं नोकरी करून हाती काय येईल ते बाजारावर होतं. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत लाखो कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, तेव्हा सरकारचं उत्तर होतं की राज्याला हा भार झेपणार नाही. असेलही. मग ज्यांचा भार झेपवून दाखवला त्यांची पात्रता काय, हे विचारायला नको का? पंजाबने २०२२ मध्ये ‘एक आमदार, एक पेन्शन’ कायदा करून प्रत्येक कार्यकाळाची वेगळी पेन्शन बंद केली. न्यायालयाकडून आशा धरण्यात अर्थ नाही. माजी खासदारांच्या पेन्शनविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये फेटाळली. हे काम सभागृहांनाच करावं लागेल.

माझं मत सरळ आहे. आमदाराला चांगला पगार द्यावा आणि तो ठरवायला बाहेरची संस्था असावी. कलम १९५ प्रमाणे विधिमंडळ कायद्याने वेतन ठरवतं, तसा असा आयोगही कायद्याने नेमता येईल. वाढ लागू व्हावी ती पुढच्या निवडणुकीनंतरच. अमेरिकेच्या घटनेत ही दुरुस्ती १७८९ मध्ये सुचवली गेली आणि १९९२ मध्ये मंजूर झाली; दोनशे वर्षं लागली तरी तत्त्व शिळं झालं नाही. भत्ते पावतीवर द्यावेत. आणि ज्या वर्षी वित्त विभाग कपातीचा शासन निर्णय काढतो, त्या वर्षी सभागृहाने रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभं राहावं: आधी सेविका, आशाताई, कंत्राटी शिक्षक, मग आपण. त्याने तिजोरी भरणार नाही, ते ४२ कोटींचं गणित वर मांडलंच आहे. पण ज्याने स्वतःची वाढ थांबवली आहे तो ‘राज्याला झेपत नाही’ म्हणाला तर समोरचा निदान ऐकून घेतो.

एक आकडा राहिला. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब म्हाताऱ्या माणसाला केंद्र सरकार महिना २०० रुपये देतं. २००७ मध्येही २०० च होते. या रकमेला कुठलाही निर्देशांक जोडलेला नाही. महाराष्ट्र आपल्या पदरचे घालून ती १,५०० करतो. आमच्या ताईंची आई ते घ्यायला महिन्यातून एकदा तालुक्याच्या बँकेत जाते. पैसे आले नसतील तर खिडकीतला माणूस तिला पुढच्या आठवड्यात या म्हणतो, आणि ती जीपचं भाडं घालून पुन्हा जाते.